बेघरांसाठी लिलाव आहे, चित्र कुठलं देऊ?

पत्र

मी उदगीरला एका अनुदानित शाळेत चित्रकला शिकवते. ए.टी.डी. (कलाशिक्षकाची पदविका) झाल्यापासून हेच काम. दरवर्षी पोरांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवते, आणि सुट्टीत जमेल तसं स्वतःचं जलरंगातलं काम करते. लातूरची एक संस्था बेघर लोकांच्या रात्रनिवाऱ्यासाठी चित्रांचा लिलाव करणार आहे. त्यांनी फोनवर माझी दोन चित्रं मागितली. ‘फ्रेम करून आणा’ एवढंच म्हणाले, बाकी काही नाही.

आमच्या बसस्थानकावर बसणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांचं चित्र माझ्याकडे आहे. घरात सगळे म्हणतात तेच दे, विषयाला धरून आहे. मला मात्र का कोण जाणे, नको वाटतंय. दुसरी भीती वेगळीच. मागे एका कार्यक्रमात ओळखीच्या सरांचं चित्र सातशे रुपयांत गेलं. नुसती फ्रेमच बाराशेची होती. लोक हसले, सर मान खाली घालून बसले. आमच्या मिस्टरांचं म्हणणं, चित्राची भानगड कशाला, सरळ दोन हजार रुपये देऊन मोकळी हो. दीर म्हणतात, चित्रच दे, करात सूट मिळते. सोबत चार चित्रांचे फोटो पाठवतेय. काय करू? आणि फ्रेमचे पैसे मागितले तर बरं दिसेल का?

— एक कलाशिक्षिका, उदगीर

उत्तर

ताई, तुम्ही ‘का कोण जाणे’ म्हणालात, पण ते का, हे तुमच्या चित्रातच दिसतंय. फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. बाबा भिंतीला टेकून बसलेत. शेजारी खताच्या पोत्याची वळकटी, नाड्याने दोन ठिकाणी बांधलेली, पोत्यावरची निळी अक्षरं अर्धी घडीत गेलेली. पायातल्या चपला दोन वेगवेगळ्या जोडांतल्या. आणि चेहरा इतका नेमका उतरलाय, की उद्या उदगीरच्या स्टँडवर उतरलो तर त्या बाबांना मी ओळखेन. अडचण हीच आहे. मी ओळखेन, तसे त्यांच्या गावचेही ओळखतील.

घर सोडून आलेला माणूस सहसा आपल्याच गावाच्या पारावर जाऊन बसत नाही. भावकीच्या डोळ्याआड, दुसऱ्या तालुक्याच्या स्टँडवर बसतो. कुणी कर्जापायी निघालेलं असतं, कुणी सुनेशी भांडून, कुणी बायको गेल्यावर घरात लक्ष लागेना म्हणून. तुम्ही ते चित्र दिलंत की आधी संस्थेच्या पत्रिकेवर येणार, मग व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणार, दुसऱ्या दिवशी पेपरात ‘बेघरांसाठी सरसावले कलावंत’ अशा मथळ्याखाली छापून येणार. शेवटी ते एखाद्या डॉक्टरांच्या दिवाणखान्यात सोफ्याच्या वर लागणार. बाबांना यातलं काहीही माहीत नसणार. कायदा तुम्हाला अडवत नाही. चित्र तुमचं, रंग तुमचे, विकायचा हक्कही तुमचा. पण ज्याच्या नावावर पैसे गोळा करायचे त्यालाच न विचारता त्याचा चेहरा मांडायचा, हे तुम्हाला टोचतंय. टोचायलाच हवं.

तेव्हा आधी बाबांना विचारा. ते अजून तिथे बसत असतील तर चित्र घेऊन जा, मोबाईलवर दाखवून भागवू नका. साध्या शब्दांत सांगा की हे लातूरला लोकांसमोर लागणार, विकलं जाणार, पैसे झोपायच्या जागेसाठी जाणार, आणि तुम्हाला कुणीही ओळखू शकेल. ते ‘घ्या की बाई, आमचं काय’ म्हणतील. याला मी होकार धरणार नाही. स्टँडवर बसलेला माणूस शाळेतल्या बाईंना तोंडावर नाही म्हणत नसतो. चहा घ्या, उठून या, आणि आठवड्याभराने पुन्हा विचारा. तेव्हाही ते खुशीत असतील, ‘माझं नाक जरा मोठं काढलंय’ असलं काही बोलत असतील, तर खुशाल द्या आणि त्यांना एक चांगली छापील प्रत द्या. बाबा सापडलेच नाहीत, तर चित्र घरी राहू द्या.

एक सुचवतो. त्या चित्रातला सगळ्यात चांगला भाग चेहरा नाहीच, माझ्या मते. ती वळकटी आणि त्या दोन जोडांतल्या दोन चपला. तेवढंच घेऊन नवं चित्र करून बघा. माणूस कागदावर नसला तरी बघणाऱ्याला तो कळतो, आणि कुणाचं नाव-गाव उघडं पडत नाही. या लिलावाला नाही तर पुढच्या.

आता ‘विषयाला धरून’ या म्हणण्याबद्दल. घरचे म्हणतात तसंच बहुतेक आयोजकांनाही वाटतं. बेघर म्हटलं की दाढी वाढलेला, गुडघ्यात मान घातलेला म्हातारा, तोही शक्यतो कोळशात काढलेला. अशी चित्रं भिंतीवर ओळीने लागली की बघणारा हळहळतो, चहा पितो आणि घरी जातो. ते विकत घेऊन रोज डोळ्यासमोर ठेवायला फार थोडे तयार होतात. शिवाय हे चित्र अपुरंही आहे. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री देशभर बेघरांची मोजणी झाली. प्रगणकांना बघायला सांगितलं होतं ते फूटपाथ, पुलाखालची जागा, मोठे सिमेंटचे पाइप, जिन्याखालचा कोपरा, देवळाचा मंडप, रेल्वेचा फलाट. देशात १७ लाखांवर माणसं अशी सापडली, महाराष्ट्रात दोन लाखांवर. त्यात सगळे भीक मागणारे म्हातारे नव्हते. रात्री पुलाखाली झोपणारे पुष्कळ जण सकाळी मजूर नाक्यावर कामाला उभे असतात.

आपल्या भागात तर हे बघायला लांब जावं लागत नाही. संभाजीनगरला घाटी या सरकारी दवाखान्याच्या आवारात रुग्णांचे नातेवाईक चादर अंथरून रात्री काढतात. पेशंट आत, हे बाहेर, घर दीडशे किलोमीटरवर. बीडकडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या सुमारास निघतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, कारखान्याच्या आसपास कोपीत (पाचटाच्या झोपडीत) राहतात. भटक्या जमातींची पालं गावाबाहेर पडतात आणि कुणी हाकललं की उठतात. आणि लातूर-धाराशिवकडच्या माणसाला बेघर होणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. भूकंप झाला, आणि किल्लारी आणि आसपासच्या गावांत रात्री माडीच्या घरात झोपलेले लोक सकाळी उघड्यावर होते, पुढे कितीतरी महिने पत्र्याच्या शेडमध्ये. लातूरच्या त्या हॉलमध्ये बोली लावायला जे पन्नाशीचे लोक येतील, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी ते पत्रे आतून पाहिलेत. त्यांना बेघर माणसाचं चित्र दाखवून काय सांगणार? त्यांना घर दाखवा.

म्हणून माझं मत तुमच्या तिसऱ्या फोटोला. तुराट्यांच्या कुडाचं घर. मातीचं लिंपण एका कोपऱ्यात सुटलंय आणि आतल्या तुराट्या उघड्या पडल्यात. दाराशी उलटी घागर. ऊन तुम्ही कागद कोरा ठेवून दाखवलंय, वरून पांढरा रंग थापलेला नाही, हे बघूनच बरं वाटलं. लातूरला तुरीच्या डाळीवर मोठे झालेले लोक आहेत, क्लासेस काढून मोठे झालेले आहेत. त्यांच्यातल्या कितीकांचं बालपण असल्याच कुडाच्या घरात गेलंय, आणि आता त्यांच्या बंगल्यात तुराटी औषधालाही सापडत नाही. हे चित्र ते भिंतीवर लावतील. विषयालाही धरून आहे, आणि त्यासाठी कुणाला गुडघ्यात मान घालून बसवावं लागलेलं नाही.

उरलेल्या दोन चित्रांबद्दल थोडक्यात. किल्ल्याचं चित्र नीट आहे, पण उदगीरचा किल्ला न काढलेला चित्रकलेचा मास्तर मी अजून पाहिलेला नाही, त्यामुळे लिलावात आणखी दोन किल्ले असणारच. अ‍ॅक्रिलिकचा गणपती सगळ्यात आधी आणि कदाचित सगळ्यात जास्त पैशाला जाईल. पैसा जमणं एवढाच विचार असेल तर गणपती द्या, मी हसणार नाही. मात्र त्यांनी दोन मागितली म्हणून दोन देऊ नका. एकाच हाताची दोन चित्रं शेजारी लागली की घेणारा दुसऱ्याची वाट बघतो, पहिलं पडतं आणि दुसऱ्यालाही मग चढ येत नाही. एकच द्या, चांगलं द्या. घरात अडगळ झालेलं, विद्यार्थ्यांना दाखवायला केलेलं प्रात्यक्षिक, कडेला पाण्याचा डाग पडलेलं असलं काही ‘दानच आहे’ म्हणून खपवू नका. तुम्ही खपवणार नाही हे माहीत आहे, पण हे पत्र इतरही वाचतील.

सरांच्या सातशे रुपयांकडे येऊ. त्यात सरांच्या चित्राचा दोष असेलच असं नाही. तुम्ही कधी लातूरच्या मोंढ्यात सौदा निघताना पाहिलाय का? तुरीचा ढीग समोर असतो, खरेदीदार मूठभर माल तळहातावर घेऊन बघतात, आणि सगळ्यांना आजचा भाव साधारण ठाऊक असतो. बोली त्या भावाच्या आसपास खेळते. चित्राच्या लिलावात ढीग आहे, खरेदीदार आहेत, पण भावच कुणाला ठाऊक नाही. सूत्रसंचालक उत्साहात ‘पाचशेपासून सुरू करू या’ म्हणतो, आणि बसलेल्या दोनशे माणसांच्या डोक्यात तो पाचशेचा आकडा पक्का होतो. तिथून सातशेवर जाणारा स्वतःला उदार समजतो. चूक पाचशे म्हणणाऱ्याची.

यावरचा उपाय जुना आहे, राखीव किंमत. म्हणजे याच्या खाली चित्र विकायचं नाही, असा आकडा तुम्ही आधी लेखी द्यायचा. तो मोठ्याने सांगायची गरज नाही, तो आयोजकाच्या कागदावर असतो. बोली तिथवर पोचली नाही तर ‘हे चित्र मागे घेत आहोत’ म्हणायचं आणि पुढच्याकडे वळायचं. सुरुवातीची बोली राखीव किमतीच्या थोडी खाली ठेवली तरी चालते, अगदी तळाला नको. आकडा किती ठेवायचा? तुमच्या मिस्टरांनी त्याचं अर्धं गणित करून ठेवलंच आहे. तुम्ही पैसेच दिले असते तर निवाऱ्याला दोन हजार मिळाले असते. फ्रेमचे बाराशे धरा. म्हणजे बत्तीसशेच्या खाली चित्र गेलं तर या सगळ्या उठाठेवीपेक्षा पैसे देणं बरं होतं. लातूरला जाण्यायेण्याचं धरून राखीव किंमत साडेतीन हजार ठेवा. कागद हाफ इम्पीरियलचा (साधारण १५ बाय २२ इंच) आहे, काम पक्कं आहे, त्यामुळे हा आकडा मागताना लाजायचं कारण नाही.

ओळखीच्या कुणाला खोटी बोली लावायला बसवू नका. ‘तू आपलं हात वर कर, आपण देऊ नंतर’ हे प्रकार चालतात, आणि शेवटी चित्र त्याच्याच गळ्यात पडतं. कुणाला खरंच घ्यायचं असेल तर त्याला बोलवा, एवढंच.

आणखी एक गोष्ट संस्थेला सुचवून बघा. आपल्याकडे यात्रेत मानाच्या नारळाला किंवा देवीच्या पातळाला बोली लावताना माणूस मागेपुढे बघत नाही, कारण तिथे देवाचं नाव असतं आणि गाव बघत असतं. चित्राला मात्र चारचौघांत हात वर करायला तोच माणूस लाजतो, आपल्याला चित्रातलं कळत नाही असं त्याला वाटतं. त्यापेक्षा प्रत्येक चित्राखाली एक कागद ठेवायचा. ज्याला हवं त्याने नाव आणि आकडा लिहायचा, पुढच्याने त्याच्यावरचा लिहायचा, आणि ठरलेल्या वेळेला कागद उचलायचे. बायका आणि तरुण मुलं अशा कागदावर लिहितात. मोठ्याने ओरडायच्या बोलीत ती गप्प असतात. सगळ्यात मागणी असलेली तीन-चार चित्रं तेवढी शेवटी जाहीर बोलीला घ्यायची, म्हणजे पुढाऱ्यांचीही हौस भागते.

मिस्टरांचं म्हणणं उडवून लावू नका. निवारा चालवणाऱ्याला रोख पैसा केव्हाही सोपा पडतो. लिलावाला हॉल लागतो, मंडप, साऊंड, चहा-नाश्ता, पाहुण्यांच्या शाली-नारळ. हे सगळं जमलेल्या पैशातून गेलं तर निवाऱ्याच्या वाट्याला फार उरत नाही. म्हणून संस्थेला विचारा की कार्यक्रमाचा खर्च कोण करणार आहे. एखाद्या दात्याने तो उचलला असेल तर लिलाव फायद्याचा. नसेल तर मिस्टरांचे दोन हजार जिंकले.

दीरांचं मात्र चुकलं. ज्याला लोक ८०जी म्हणतात ती सूट फक्त पैशाच्या देणगीला आहे, वस्तू दिली तर नाही. चित्र, धान्य, ब्लँकेट, काहीही असो. पैसे दिले तरी रोख दोन हजारांच्या वर असतील तर सूट नाही, ते चेकने किंवा ऑनलाइन द्यावे लागतात. आणि पगारातून कर कापताना तुम्ही जुनी करप्रणाली निवडली नसेल तर ही सूटच मिळत नाही. शाळेच्या क्लार्कला विचारलंत तर तो अर्ध्या मिनिटात सांगेल. ‘तुमच्या चित्राच्या किमतीची ८०जी पावती देतो’ असं संस्थाच म्हणाली, तर तिच्या बाकीच्या हिशेबाबद्दलही जरा सावध राहा.

फ्रेमचे पैसे मागा. बरं दिसेल का, म्हणता. ताई, त्या दिवशी मंडपवाला पैसे घेणार, साऊंडवाला घेणार, केटरर अ‍ॅडव्हान्स घेतल्याशिवाय तांदूळ भिजवणार नाही, आणि यांपैकी कुणालाही कुणी ‘समाजासाठी काहीतरी द्या’ असं म्हणणार नाही. ज्याच्या कामावर सगळा कार्यक्रम उभा आहे तो चित्रकार मात्र चित्र, फ्रेम, गाडीभाडं आणि वर एक रविवार एवढं सगळं देणार. हे इतकं रुळलंय की मागायला तुम्हालाच लाज वाटते. काही ठिकाणी आयोजक स्वतःहून बोलीतला ठरावीक हिस्सा चित्रकाराला देतात, निदान फ्रेमचा खर्च तरी. त्यात वावगं काही नाही, फक्त ते आधी ठरलेलं हवं आणि घेणाऱ्यालाही माहीत हवं. तुम्हाला हिस्सा नको असेल तर नका घेऊ. फ्रेमचं बिल मात्र पाठवा. ‘बजेट नाही’ म्हणाले तर चित्र नुसतं माउंट करून, म्हणजे जाड पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवून द्या, फ्रेम घेणारा आपल्या घराला साजेशी करून घेईल. बाराशेची सोनेरी पट्टी तशीही पुष्कळांना आवडत नाही.

संस्थेबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही, म्हणजे बहुतेक विचारलेलंही नाही. विचारा. विश्वस्त संस्था असेल तर तिचा धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक असतो, पीटीआर म्हणतात त्याला. लातूरलाच कार्यालय आहे. चार जणांनी मिळून या कार्यक्रमापुरती समिती काढली असेल, तर गणेश मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांची ४१ क ची परवानगी घेतात, तशी यांनी घेतलीय का ते पाहा. बोलीचे पैसे कुणाच्या खात्यावर जमा होणार? अध्यक्षांच्या मोबाईलवरचा क्यूआर कोड असेल तर नाही म्हणा. पैसे संस्थेच्या खात्यावर आले की मगच चित्र हातात द्यायचं, हेही ठरवून घ्या. कार्यक्रमात टाळ्यांच्या गजरात वीस हजारांची बोली लावायची, फोटो काढायचा आणि मग फोन उचलायचा नाही, असे दाते सगळ्या जिल्ह्यांत आहेत.

आणि निवारा कुठला? संस्था स्वतः चालवते, की महापालिकेच्या निवाऱ्याला मदत करते? सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलंय की शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांची सोय असलेला, चोवीस तास उघडा असणारा एक निवारा हवा. लातूरची लोकसंख्या २०११ लाच पावणेचार लाखांच्या वर होती. संभाजीनगरची पावणेबारा लाखांच्या घरात. हिशेब तुम्हीच करा आणि गावात किती निवारे आहेत ते मोजा. म्हणून ‘निवारा बांधायला’ असं मोघम सांगितलं तर पुढचा प्रश्न विचारायचा. जागा मिळाली आहे का? बांधायचा खर्च पालिकेचा असेल तर लिलावाचा पैसा कशाला? यावर ‘रात्रीच्या राखणदाराचा पगार’, ‘अंघोळीच्या गरम पाण्याची सोय’, ‘आधार आणि रेशन कार्ड काढून द्यायला एक माणूस’, ‘म्हाताऱ्यांचे चष्मे’ अशी उत्तरं आली तर समजा की ही माणसं खरोखर निवाऱ्यात जातात. नुसती ब्लँकेटं सांगितली तर समजा थंडीत फोटो काढायला जातात.

चित्र देण्याआधी त्याचा चांगला फोटो काढून ठेवा. काच बसवायच्या आधी, सावलीतल्या उजेडात, सरळ समोरून. स्कॅन मिळत असेल तर उत्तमच. आपल्याच अजिंठ्याचं उदाहरण आहे. मेजर रॉबर्ट गिल या इंग्रज अधिकाऱ्याने वर्षानुवर्षं अजिंठ्याला राहून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या, त्या लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या, आणि १८६६ च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. तुमचं चित्र लातूरपर्यंतच जाणार आहे, पण एकदा हातचं गेलं की कुठल्या घरात कसं राहील ते तुमच्या हाती नाही.

मूळ चित्र विकलं म्हणून ते छापायचा हक्क विकला जात नाही, हेही लक्षात ठेवा. तो हक्क तुमच्याकडेच राहतो, लेखी दिल्याशिवाय कुणाकडे जात नाही. घेणाऱ्याने ते भिंतीवर लावावं, कॅलेंडरवर नाही. संस्थेला पत्रिकेवर छापायचं असेल तर या एका कार्यक्रमापुरती परवानगी द्या, चित्राखाली तुमचं नाव हवं अशा अटीवर. दुसऱ्या वर्षी त्याच चित्राचे टी-शर्ट निघायला नकोत.

कामाच्या बारीक गोष्टी तुम्हाला मी काय सांगायच्या, तरी दोनच. जलरंग आहे, त्यामुळे काच किंवा अ‍ॅक्रिलिक शीट लागणारच, पण चित्र काचेला चिकटता कामा नये, मध्ये माउंटची जाडी हवी. पावसाळ्यात काचेला टेकलेल्या कागदावर बुरशीचे ठिपके येतात आणि घेणारा तुम्हाला फोन करतो. आणि मागच्या बाजूला चित्राचं नाव, माध्यम, आकार, साल आणि तुमचं नाव कागदावर लिहून चिकटवा. स्केचपेनने थेट चित्राच्या पाठीवर नको, शाई पुढे उतरते. एस.टी.ने नेणार असाल तर काचेवर कागदी चिकटपट्टीची फुली मारा, फुटली तरी तुकडे चित्रावर पडत नाहीत.

फोनवर हे सगळं बोलणं जमणार नाही, समोरचा ‘मॅडम, तुम्ही काळजी करू नका’ म्हणून मोकळा होतो. लिहून पाठवा. असं काहीतरी:

‘नमस्कार. आपल्या लिलावासाठी माझं एक जलरंगातलं चित्र देण्याची इच्छा आहे. राखीव किंमत ₹३,५००, त्याखाली बोली आल्यास चित्र पंधरा दिवसांत परत मिळावं. माउंट-फ्रेमचा खर्च ₹१,२०० संस्थेने द्यावा, अथवा मी चित्र फक्त माउंट करून देईन. चित्र ताब्यात घेताना पोच द्यावी. छापण्याचा हक्क माझ्याकडे राहील. पत्रिकेसाठी नावासह वापरण्यास हरकत नाही. कृपया संस्थेचा नोंदणी क्रमांक, पैसे जमा होणारं खातं, कार्यक्रमाचा खर्च कोण करणार आहे आणि जमलेली रक्कम निवाऱ्यात कशासाठी वापरणार हे कळवावं. कार्यक्रमानंतर चित्र कितीला गेलं आणि एकूण किती रक्कम जमली हेही कळवावं, ही विनंती.’

चांगली संस्था असेल तर या मेसेजने तिला राग येणार नाही. उलट बाकीच्या चित्रकारांनाही हेच विचारावं, असं त्यांच्यातल्या कुणाला तरी सुचेल. आठवडाभरात सरळ उत्तर आलं तर कुडाचं घर घेऊन जा, आणि लिलावाला स्वतः हजर राहा. उत्तर आलं नाही, किंवा ‘अहो मॅडम, एवढं काय त्यात’ असं आलं, तर मिस्टरांचे दोन हजार घ्या, लातूरला गेलात की कुठल्याही चालू निवाऱ्यात रात्री आठनंतर जा, आत काय कमी आहे ते बघा आणि ते घेऊन द्या. पैसेच दिलेत तर पावती मागा.